हसण्याची किंमत कोण देतो?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. वाईला एका घरी आजारी माणसाला कम्युनियन देऊन मी निघायच्या बेतात होतो. कृष्णेला पाणी चढले होते. घाटाच्या खालच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या होत्या. "जरा बसा, फादर, पाऊस उतरू द्या," असे म्हणत घरच्या आजींनी चहा ठेवला. बाहेरच्या खोलीत टेलिव्हिजन सुरू होता आणि त्यावर 'महाराष्ट्राची हास्यजत्रा' ह्या कार्यक्रमाचा भाग चालला होता. आजी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहूनच हसत होत्या. एवढेच नव्हे, तर पात्राने तोंड उघडण्यापूर्वीच त्या हसू लागत. त्यांची महाविद्यालयात शिकणारी नात मात्र गुडघ्यावर वही ठेवून गंभीरपणे बसली होती. मध्येच ती मला म्हणाली, "फादर, खरं सांगा, हे अजून विनोदी राहिलंय का? मी शाळेत होते तेव्हापासून बघतेय. तोच नवरा, तीच बायको, तेच पडणं-झडणं."

माझ्याआधी आजीच बोलल्या. "अगं, पुढं काय होणार ते ठाऊक असतं, म्हणून तर हसू येतं!"

नात म्हणाली, "ठाऊक असतं, म्हणूनच मला येत नाही."

मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. पाऊस ओसरला, मी निघालो. परंतु परतीच्या वाटेवर हा प्रश्न मला सोडीना. वरवर पाहता प्रश्न करमणुकीचा आहे. आवडला तर पाहावा, नाही तर बंद करावा, त्यात फादरांचे काय काम, असे वाचक म्हणतील. तरीही जो कार्यक्रम आपल्या घराघरांत जेवणाच्या ताटासमोर चालतो, ज्याची नक्कल आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांत आणि धर्मग्रामाच्या सणांत होते, तो आपल्याला कशाला हसायला शिकवतो, हा प्रश्न निखळ करमणुकीचा राहत नाही. शिवाय ह्या प्रश्नाशी माझे स्वतःचे एक जुने देणे गुंतलेले आहे. त्याकडे मी ओघाने येईन.

प्रथम हे मान्य करू या की ही तक्रार नवी नव्हे आणि केवळ आपल्याकडची तर नव्हेच नव्हे. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरातून 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' नावाचा प्रहसनांचा कार्यक्रम शनिवारी रात्री थेट प्रक्षेपित होतो. त्याचा पहिला प्रयोग ११ ऑक्टोबर १९७५ रोजी झाला. २०२५ साली त्याला ५० वर्षे पूर्ण झाली. त्याच्याविषयी तेथील लोकांचे एक लाडके वाक्य आहे. ते असे की हा कार्यक्रम आता पूर्वीसारखा राहिला नाही. गंमत अशी, की हे वाक्य म्हणणारी प्रत्येक पिढी 'पूर्वी' म्हणजे आपल्या तारुण्याची वर्षे समजते. आपल्याकडेही 'चला हवा येऊ द्या' हा कार्यक्रम २०१४ साली सुरू झाला, त्याने दहा वर्षे घराघरांत राज्य केले, २०२४ साली निरोप घेतला आणि २०२५ साली तो नव्या रूपात पुन्हा आला. शेवटच्या काही वर्षांत 'आता मजा नाही' असे म्हणणारे आणि कार्यक्रम बंद झाल्यावर हळहळणारे लोक बरेचसे तेच होते. म्हणजे 'पूर्वीची मजा नाही' ह्या बोलण्यात विनोदाचे वय किती आणि बोलणाऱ्याचे वय किती, हे वेगळे काढणे सोपे नाही.

तरीदेखील नातीचे म्हणणे केवळ तारुण्याचा उतावळेपणा म्हणून उडवून लावणे अन्यायाचे होईल. ह्या कार्यक्रमांचा विनोद शिळा होण्याचे एक साधे कारण आहे, आणि ते समजण्यासाठी आपल्याला फार दूर जावे लागत नाही. सांगलीजवळच्या कवलापूरला जाऊन येऊ.

कवलापूर हे तमाशाचे गाव. तेथील खाडे घराण्यातले लहू आणि अंकुश हे जुळे भाऊ 'काळू-बाळू' ह्या नावाने उभ्या महाराष्ट्राला ठाऊक होते. 'जहरी प्याला' ह्या वगात ते दोघे हवालदार म्हणून उभे राहत. दोघे दिसायला सारखे, बोलण्याची ढब सारखी. एकाने सुरू केलेले वाक्य दुसऱ्याने पुरे करावे आणि कनातीत हशा उसळावा. हा वग त्यांनी वर्षानुवर्षे केला. वाईच्या त्या आजी मूळच्या सांगलीकडच्या. त्यांनी स्वतः तमाशा कधी पाहिला नाही. मुलींनी कनातीत जाण्याची त्या काळी रीत नव्हती. परंतु त्यांचा थोरला भाऊ जत्रेतून पहाटे परते आणि दुसऱ्या दिवशी ओसरीवर दोन्ही हवालदार एकटाच करून दाखवी. आजी त्या सोंगाला लहानपणी इतक्या वेळा हसल्या होत्या, की सत्तर वर्षांनंतरही ते सांगताना त्यांचा पदर तोंडाशी गेला.

आता पाहा. फड दसऱ्यानंतर गावाबाहेर पडे आणि उन्हाळ्यातल्या जत्रा संपेपर्यंत फिरे. आज एक गाव, उद्या दुसरे. विनोद तोच असला तरी त्याला भेटणारे गाव रोज नवे असे. त्याच गावाची पुन्हा गाठ पडे ती वर्षाने, आणि तेव्हा तो विनोद वर्षभराने भेटणाऱ्या पाहुण्यासारखा वाटे. त्यातही बतावणीत सोंगाड्या त्या त्या गावचा ओढा, तिथला पाटील, तिथला बंद पडलेला पंप, असे काही ना काही गुंफून घेई. विनोदाची मापे जुनी, पण शिवण ताजी. टेलिव्हिजनचे नेमके उलटे आहे. येथे गाव बदलत नाही. तीच आजी, तीच नात, तेच ताट. आणि कलावंताने मात्र दर आठवड्याला नवे हसू घेऊन उभे राहायचे. 'हास्यजत्रा' २०१८ सालापासून, मध्ये विश्रांती घेत, चालत आलेली आहे. सचिन गोस्वामी आणि सचिन मोटे ह्या जोडीने तिची घडी बसविली. समीर चौघुले, प्रसाद खांडेकर, नम्रता संभेराव अशा कलावंतांनी तिच्यातून मोठे नाव मिळविले. एवढ्या वर्षांत ह्या मंडळींनी किती प्रहसने उभी केली असतील, त्याची कल्पना करावी. मी वर्षाला पन्नासएक रविवारची प्रवचने करतो आणि तेवढ्यातच माझी पोतडी रिकामी होते. त्यामुळे विनोदाची पुनरुक्ती पाहून त्या कलावंतांवर दगड उचलण्याचा अधिकार निदान मला तरी नाही.

आणि पुनरुक्ती हा खरोखर दोष आहे काय? आजींचे म्हणणे मी जितके आठवतो, तितके ते मला खोल वाटते. पुढे काय होणार हे ठाऊक असते म्हणून हसू येते. लहान मूल तीच गोष्ट पुन्हा सांगायला लावते आणि लांडगा दाराशी आला की दर वेळी किंचाळते. आपण ख्रिस्ती माणसे तर रोजरीचे मणी ओढताना तेच शब्द पन्नास वेळा म्हणतो, आणि ते शिळे झाले असे कोणी म्हणत नाही. ओळखीच्या गोष्टीची पुन्हा भेट होणे ह्यातही आनंद असतो. नात आश्चर्याचे हसू मागत होती. आजी ओळखीचे हसत होत्या. आश्चर्याचे हसू लवकर संपते, ओळखीचे पुष्कळ टिकते. दोन्ही खरी हसूच आहेत. तेव्हा 'विनोद जुना झाला, म्हणून तो वाईट झाला' असे काही ठरत नाही.

मग ठरते कशाने?

सेमिनरीत असताना आम्हांला संत थॉमस अक्वायनस फार अभ्यासावा लागे. त्याच्या महाग्रंथात खेळ आणि विनोद ह्यांविषयी एक प्रकरण आहे, हे वाचून मला तेव्हा नवल वाटले होते. ॲरिस्टॉटलच्या मागोमाग तो म्हणतो, की विनोदबुद्धी हा एक सद्गुण आहे. तिच्या एका बाजूला विदूषकी चाळे आहेत आणि दुसऱ्या बाजूला रुक्षपणा; आणि हा रुक्षपणाही दोषच आहे. जो स्वतः कधी हसत नाही आणि दुसऱ्याच्या हसण्यावर विरजण घालतो, तो इतरांना भार होतो. तेथेच तो संत योहानाची जुनी कथा सांगतो. शिष्यांबरोबर खेळताना पाहून कोणी नाक मुरडले, तेव्हा योहानाने एका तिरंदाजाला धनुष्य पुन्हा पुन्हा ओढायला लावले आणि विचारले, असेच ओढत राहिलास तर? तो म्हणाला, मोडेल. मनाचेही तसेच, असा त्या कथेचा भावार्थ. मात्र ह्या मोकळिकीला थॉमस एक मर्यादा घालतो: खेळ अश्लील नसावा आणि त्याने कोणाला इजा होऊ नये.

आपल्या भूमीतील परंपराही ह्याच प्रश्नाशी झुंजलेली आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात हास्यरसाचे सहा प्रकार सांगितले आहेत. स्मित आणि हसित हे उत्तम प्रकृतीच्या माणसांचे, विहसित आणि उपहसित हे मध्यमांचे, अपहसित आणि अतिहसित हे अधमांचे. दात न दिसणाऱ्या हसण्यापासून डोळ्यांत पाणी आणणाऱ्या हसण्यापर्यंत अशी ही उतरंड आहे. त्याच ग्रंथात हास्याचे आणखी दोन भेद केले आहेत: आत्मस्थ आणि परस्थ, म्हणजे स्वतः हसणे आणि दुसऱ्याला हसविणे. हसू कशाने उत्पन्न होते ह्याची यादी देताना भरतांनी विचित्र वेष आणि असंबद्ध बोलणे ह्यांबरोबर शरीराचे व्यंगही मोजले आहे. ह्या यादीपाशी मी नेहमी थबकतो. ग्रंथकाराने येथे माणसाचा स्वभाव आहे तसा नोंदविला आहे. व्यंग पाहून हसू येते, हे दुर्दैवाने खरे आहे. परंतु हसू येणे वेगळे आणि हसावे असे ठरणे वेगळे. राग येतो म्हणून मारावे, असे आपण म्हणत नाही. ॲरिस्टॉटलने 'काव्यशास्त्रा'त ह्याच जागी बोट ठेवले आहे: विनोदाचा विषय होणारा दोष असा असावा, की ज्यात वेदना नाही आणि विनाश नाही.

ह्या कसोटीवर आपली प्रहसने पाहू गेलो, म्हणजे सरसकट निकाल देता येत नाही, आणि देऊही नये. एक उदाहरण घेतो. साडी नेसलेला पुरुष हे आपल्या विनोदाचे फार जुने पात्र आहे. तमाशाच्या गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींबरोबर जी मावशी असते, ती बहुधा पुरुषच करतो. पण ती मावशी जिभेची तिखट असते. कृष्णाला आणि पेंद्याला ती वाटेत उभे करून उत्तरे देते. हशा तिच्या शब्दांना मिळतो. ह्याच्या उलट अनेक प्रहसनांतली 'बायको' मी पाहिली आहे, जिला बोलण्यासारखे काहीच दिलेले नसते. ती जाड आहे, काळी आहे, थोराड आहे, एवढाच तिचा विनोद. मावशी हसविते, ही बायको हसली जाते. वेष एकच, परंतु दोहोंमध्ये जमीनअस्मानाचे अंतर आहे.

दुसरे उदाहरण ह्याच कार्यक्रमातले. गौरव मोरे हा कलावंत 'फिल्टरपाड्याचा बच्चन' म्हणून प्रसिद्ध झाला. फिल्टरपाडा ही मुंबईत पवईकडची साध्या कष्टकऱ्यांची वस्ती. आपल्या वस्तीचे नाव त्याने लपविले नाही. ते छातीवर लावून तो रंगमंचावर आला आणि त्यावर त्यानेच आधी विनोद केला. जे नाव ऐकून एरवी कोणी नाक मुरडले असते, ते ऐकताच लोक टाळ्या वाजवू लागले. येथे दारिद्र्यावर हसू झाले, हे खरे. परंतु ज्याचे दारिद्र्य, त्याच्याच हाती लगाम होता. आणि 'चला हवा येऊ द्या'मधले पोस्टमन काका वाचकांना आठवत असतीलच. अरविंद जगताप ह्यांनी लिहिलेले पत्र सागर कारंडे वाचीत, आणि पाच मिनिटांपूर्वी पोट धरून हसणारी माणसे डोळे पुशीत. ज्या हसण्यानंतर माणूस रडू शकतो, त्या हसण्याने त्याचे मन बधिर केलेले नसते, असे मला वाटते. फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसन ह्याने १९०० साली हास्यावर लिहिलेल्या ग्रंथात म्हटले आहे, की हसण्यासाठी हृदयाला क्षणभर भूल द्यावी लागते. क्षणभर, हा शब्द महत्त्वाचा. भूल वेळेवर उतरली पाहिजे.

ती वेळेवर उतरली नाही, असा एक प्रसंग आता सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. तेथे सणाच्या रात्री युवक मंडळ टेलिव्हिजनवरच्या धर्तीचे प्रहसन करी. त्यात एक मुलगा होता, अंगाने भरलेला, रंगाने सावळा, आणि बोलण्यात विलक्षण हजरजबाबी. पहिल्या वर्षी त्याने साडी नेसून भांडकुदळ शेजारीण केली. संवाद त्याने स्वतः रचले होते. सभागृह हसून हसून थकले. साहजिकच पुढच्या वर्षी पुन्हा त्यालाच साडी आली, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. परंतु आता संवाद इतर मुले लिहीत होती. आणि शेजारणीच्या भांडणाऐवजी त्यांत शेजारणीचा आकार, तिचा रंग, तिने मोडलेल्या खुर्च्या, एवढेच उरले होते. मी दर वर्षी पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसे. टेलिव्हिजनवर परीक्षक हसले म्हणजे घरी बसलेल्यांना हसण्याची जागा कळते. तशी माझी खुर्ची होती. मी मोठ्याने हसलो. एका रविवारी तर प्रवचनाच्या ओघात मी त्या पात्राच्या नावाने त्याला हाक मारली, आणि मंदिरात हशा पिकला.

चौथ्या वर्षी मंडळाची मुले त्याला बोलवायला गेली, तेव्हा त्याने नाही म्हटले. मी त्याला समजवावे म्हणून त्यांनी मला गळ घातली. मिस्सेनंतर मी त्याला थांबवून म्हटले, "अरे, लोक तुझी वाट पाहतात. एवढी कला देवाने दिली आहे."

तो खाली पाहत म्हणाला, "फादर, पहिल्या वर्षी लोक माझ्या बोलण्याला हसले. आता मला हसतात. रस्त्यात पण हसतात. माझ्या धाकट्या बहिणीला शाळेत त्याच नावानं चिडवतात."

मी म्हणालो, "मग तू आधीच का नाही बोललास?"

"तुम्ही पुढच्या खुर्चीत होता ना, फादर. तुम्हीच हसत होता, मग कुणाला सांगायचं?"

मी त्या दिवशी त्याची क्षमा मागितली. परंतु खरे सांगायचे तर क्षमा मागतानाही माझ्या मनात एक वकील उभा होता. विनोद होता, कोणाचा वाईट हेतू नव्हता, टेलिव्हिजनवर ह्याहून जास्त चालते, तो स्वतःच पहिल्या वर्षी हौसेने उभा राहिला होता, असे सर्व मुद्दे त्या वकिलापाशी तयार होते. त्यातले प्रत्येक वाक्य खरे होते. आणि तरीही तीन वर्षे एका मुलाने आमच्या हसण्याची किंमत मोजली होती आणि आम्ही कोणी त्याला विचारलेही नव्हते.

त्या वर्षी उपवासकाळात दुःखसहनाचे वाचन करताना मी एका जागी अडखळलो. शिपायांनी येशूला जांभळे वस्त्र नेसविले, डोक्यावर काट्यांचा मुकुट घातला, हाती बोरू दिला, आणि गुडघे टेकून राजा म्हणून त्याला मुजरे केले. इतकी वर्षे मी हा प्रसंग केवळ छळ म्हणून वाचीत आलो होतो. पण ते प्रहसन आहे. त्यात वेष आहे, साहित्य आहे, नेमलेले संवाद आहेत आणि हसणारा प्रेक्षकही आहे. त्या शिपायांना ते विनोदी वाटले असणार, ह्याविषयी मला शंका नाही. कदाचित दूर देशी नेमणूक झालेल्या, कंटाळलेल्या त्या तरुणांची ती करमणूकच असेल. फक्त मधल्या माणसाला कोणी विचारले नव्हते. त्या दिवसापासून 'विनोदच तर आहे' हे वाक्य मला पूर्वीच्या सहजतेने उच्चारता येत नाही.

येथे एखादा वाचक म्हणेल, की फादर, असे तोलूनमापून हसायचे ठरविले तर हसणेच बंद पडेल. हा आक्षेप वजनदार आहे. रुक्षपणाला थॉमसने दोष का म्हटले, हे विसरून चालणार नाही. १४ जून २०२४ रोजी पोप फ्रान्सिस ह्यांनी जगभरातील शंभरांहून अधिक विनोदी कलावंतांना व्हॅटिकनमध्ये बोलावून घेतले होते, आणि आपण ज्यांच्यावर प्रेम करतो त्यांची थट्टा करतो, तशी देवाचीही करू शकतो, अशा आशयाचे उद्गार काढले होते. सोळाव्या शतकातले संत फिलिप नेरी तर आपली अर्धीच दाढी काढून रोमच्या रस्त्यांतून हिंडत. लोक त्यांना संत म्हणू लागले होते, आणि तो मान डोक्यात जाऊ नये म्हणून ते लोकांना स्वतःवर हसवीत. किंमत ते स्वतः भरीत होते. म्हणून ते हसू चारशे वर्षांनंतरही आपल्याला गोड लागते.

म्हणजे तोलायचे आहे ते एवढेच, की ज्याच्यावर हसू चालले आहे तो माणूस पहिल्या रांगेत आपल्या बायकामुलांसह बसू शकेल काय? पुढारी, श्रीमंत, शिक्षक, धर्मगुरू ह्यांच्यावर खुशाल हसावे. त्यांच्यापाशी उत्तर द्यायला खुर्ची असते. आपल्या कंजूषपणावर, आपल्या मानापमानावर, लग्नातल्या आपल्या रुसव्यांवर हसावे. त्यात आपणच सापडलेले असतो. 'हास्यजत्रे'तील ज्या प्रहसनांत मध्यमवर्गी घराचा भित्रेपणा किंवा चाळीतली भांडणे येतात, ती मी आजही आनंदाने पाहतो, मग पुढचे वाक्य मला आधीच ठाऊक असो. परंतु ज्याच्यापाशी शरीराखेरीज दुसरे काही पात्रच लिहिलेले नाही, तेथे पहिल्या दिवसापासूनच काही विनोदी नव्हते. तेव्हा ते नवे होते, म्हणून आपल्याला कळले नाही, एवढेच. नवेपणाचा वर्ख उडाला म्हणजे खाली काय आहे ते दिसते. काही विनोदांखाली माणूस दिसतो आणि काहींखाली केवळ आपला निर्दयपणा. दीर्घकाळ चालणाऱ्या कार्यक्रमाचा हा एक अनपेक्षित उपकारच समजला पाहिजे.

त्या मुलाच्या गोष्टीचा शेवट सांगायचा राहिला. पुढच्या सणाला तो आपण होऊन उभा राहिला, पण साडी नेसून नव्हे. त्याने पांढरा झगा घातला होता, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणला होता आणि तो प्रवचन करीत होता. प्रवचनात झोपलेल्या माणसाची एक गोष्ट मी वर्षानुवर्षे सांगत आलो आहे. धर्मगुरू शेजाऱ्याला म्हणतात, त्याला उठव. शेजारी म्हणतो, तुम्ही झोपवलेत, तुम्हीच उठवा. ती गोष्ट त्याने माझ्या आवाजात, माझ्या खाकरण्यासकट सांगितली, आणि गोष्ट संपल्यावर मी जसा लोक हसण्याची वाट पाहत थांबतो, तसा तो थांबला. सभागृहात असा हशा झाला, की तसा माझ्या तोंडून त्या गोष्टीला कधीच मिळाला नव्हता. तेव्हा मला उमगले, की इतकी वर्षे लोक माझ्या विनोदाला नव्हे, माझ्या झग्याला मान देऊन हसत होते. मला ते झोंबले. हसू यायला काही क्षण लागले, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. परंतु आले ते खरे आले. माझ्या शेजारी त्याची धाकटी बहीण बसली होती. ती टाळ्या वाजवीत होती.

गेल्या महिन्यात मी पुन्हा वाईला त्या घरी गेलो. आजोबा अजून अंथरुणालाच खिळलेले आहेत. नात दारातच म्हणाली, "फादर, त्या दिवशी तुम्ही उत्तर दिलं नाहीत."

मी म्हणालो, "काही जागी आहे, काही जागी कधीच नव्हतं. कुठल्या जागी, ते तू बघताना स्वतःला विचार, की हा विनोद ज्याच्यावर चाललाय, तो इथं आपल्या शेजारी बसला असता तर आपण हसलो असतो का?"

ती क्षणभर विचारात पडली. मग म्हणाली, "आणि आजी हसते ते?"

एवढ्यात आतल्या खोलीतून आजोबांचा क्षीण आवाज आला, "अगं, तो टीव्ही जरा मोठा कर. आतापर्यंत ऐकू येत होतं."

आजी उठल्या आणि त्यांनी आवाज वाढविला. टेलिव्हिजनवर एक नवरा आपल्याच खोट्यात अडकत चालला होता. पुढे काय होणार हे आम्हां सर्वांना ठाऊक होते. आतून आजोबांचे हसू ऐकू आले, आणि ते ऐकून नातही हसली.